आधी प्रश्नपत्रिका बघितल्या, मग शाळा

आमच्या अमळनेरात दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले की घरी आलेला माणूस पेढा हातात घेता घेता विचारतो, "मग, कुठे टाकताय? लातूर, नाशिक की कोटा?" पोरीला काय आवडतं हा प्रश्न त्यानंतर येतो, पुष्कळदा येतच नाही. माझी थोरली 2025 साली दहावी झाली. त्या वर्षभरात मी आयबी आणि केंब्रिजचं ए लेव्हल (दोन्ही बारावीच्या तोडीचे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम), अमेरिकेतलं एपी, आपल्याकडची ऑलिम्पियाड आणि जेईईची तयारी, असं अकरावी-बारावीच्या वयात जे जे वरच्या पातळीचं शिक्षण मिळतं ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं. ते कसं पाहिलं आणि त्यातून काय हाती लागलं, हे सविस्तर लिहितोय. खान्देशातल्या पालकांना उपयोगी पडेल असं मराठीत लिहिलेलं मला तेव्हा कुठे सापडलं नव्हतं.

मी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. थोरली सेमी इंग्लिशची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी सगळं मराठीतून. नववीत तिने आयओक्यूएम दिली होती. गणित ऑलिम्पियाडची ही पहिली पायरी. तीन तास, तीस प्रश्न, पर्याय एकाही प्रश्नाला नाहीत, उत्तर म्हणून फक्त एक पूर्ण संख्या भरायची. तिची निवड झाली नाही. पण केंद्राबाहेर आली ती एका भूमितीच्या प्रश्नाबद्दल बोलतच, आणि एसटी अमळनेरला पोचेपर्यंत वहीच्या मागच्या पानावर तो तिने सोडवून टाकला. शाळेच्या परीक्षेनंतर तिचं असं कधी झालं नव्हतं. अशा प्रश्नांची तिची भूक पुढची दोन वर्षं कुठे भागेल, एवढंच मला शोधायचं होतं.

नात्यातच दोन वाटा आयत्या समोर होत्या. मेहुण्याचा मुलगा पुण्यात आयबी डिप्लोमा करतो. चुलत बहीण न्यू जर्सीत राहते, तिच्या मुलाचे एपीचे विषय चालू आहेत. दिवाळीत दोघांशीही भरपूर बोलणं झालं. दोघांनी जीव तोडून सांगितलं आणि दोघांनाही आपल्या मुलाचंच उत्तम वाटलं, ते साहजिक आहे. शाळांची माहितीपत्रकं मागवली तर सगळ्यांत सर्वांगीण विकास आणि चिकित्सक विचार हेच शब्द. त्यावरून निवड करता येईना. मग ठरवलं की प्रत्येकाचा अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका मिळवायच्या आणि पोरीसमोर ठेवायच्या. शिक्षक म्हणून मला एवढं कळतं की परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात शिकवलं जातं.

कुणाच्या प्रश्नपत्रिका किती सहज मिळतात, यातूनही बरंच समजलं. एपी चालवणारी कॉलेज बोर्ड ही संस्था दीर्घोत्तरी प्रश्न आणि गुण कसे दिले याचा तक्ता दरवर्षी संकेतस्थळावर फुकट टाकते. केंब्रिजचे काही जुने पेपर गुणदान योजनेसकट मिळतात. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ऑलिम्पियाडचे पेपर उत्तरांसकट देतं. बालभारतीची पुस्तकं तर ई-बालभारतीवर आहेतच. आयबीचे पेपर मात्र विकत घ्यावे लागतात, म्हणून भाच्याकडून त्याची पुस्तकं मागवली. अमळनेरात बसून कुठल्या दारातून आत जाता येतं, हे इथेच कळायला लागलं.

दहावीचे पेपर मार्चमध्ये संपले. सुटीत थोरलीने अकरावीच्या पुस्तकातून आणि खान अकॅडमीवरून कॅल्क्युलस सुरू केलं होतं, म्हणून पहिला पेपर एपी कॅल्क्युलस बीसीचा (एपीच्या दोन कॅल्क्युलस विषयांतल्या मोठ्याचा) काढला. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा एकेक विषय शिकायचा, मे महिन्यात परीक्षा द्यायची आणि 1 ते 5 मध्ये गुणांक मिळवायचा. तिथली अनेक विद्यापीठं चांगल्या गुणांकावर तेवढा विषय पूर्ण झाल्याचं श्रेयांक देतात, कुठे 3 वर, कुठे 5 वर, कुठे देतही नाहीत. बीसीच्या पेपरात 45 बहुपर्यायी प्रश्न पावणेदोन तासांत आणि सहा मोठे प्रश्न दीड तासात सोडवायचे असतात.

त्यातला एक प्रश्न या धाटणीचा होता: टाकीत पाणी येण्याचा वेग वेगवेगळ्या वेळी मोजलाय, त्याचा तक्ता दिलाय, तर पहिल्या काही मिनिटांत किती पाणी आलं त्याचा अंदाज काढा. थोरली कागदाकडे बघत बसली. "पप्पा, यात फंक्शन दिलेलंच नाही." नाहीच दिलेलं. पाच-सहा आकडे आहेत, तेवढ्यावर समलंब चौकोन मांडून क्षेत्रफळ काढायचं. पुढचा उपप्रश्न: तुमचा अंदाज खऱ्या उत्तरापेक्षा जास्त की कमी, आणि कशावरून? त्याच्या पुढचा: या संकलनाचा (इंटिग्रलचा) अर्थ एकक घालून वाक्यात लिहा. गणित तिला लगेच जमलं. वाक्य लिहायला संध्याकाळ गेली, कारण गणिताच्या पेपरात वाक्य लिहायची सवयच नाही. आपल्या बोर्डाच्या बारावीत सूत्र दिलेलं असतं, संकलन करायचं, उत्तराखाली रेघ मारायची. याचा अर्थ काय, असं कुणी विचारत नाही. मी स्वतः इतकी वर्षं गणित शिकवतोय, आणि त्या संध्याकाळनंतर माझ्या नववीच्या वर्गातही मी उत्तराखाली एक वाक्य लिहायला सांगायला लागलो.

तरी आपल्या पुस्तकाला कमी लेखू नका. दोन्ही अभ्यासक्रम समोरासमोर ठेवले तेव्हा दिसलं की बीसीत टेलर श्रेणी आहे, अनंत श्रेणींचं अभिसरण आहे, ते आपल्याकडे बारावीत नाही. पण आपल्याकडे तर्कशास्त्र आहे, मॅट्रिक्स आहेत, त्रिमितीतले सदिश, रेषा आणि प्रतल आहेत, संभाव्यता वितरण आहे, त्याचा बीसीत पत्ता नाही, कारण तो फक्त कॅल्क्युलसचा कोर्स आहे. स्टेट बोर्ड सोपं, हे आपल्याकडे सरसकट बोललं जातं. पुस्तक सोपं नाही. परीक्षा ओळखीची आहे, पुस्तकातलीच गणितं थोडी फिरवून येतात, म्हणून मुलं पुस्तक वाचत नाहीत, गाईड वाचतात.

एपीचं एक नीट समजून घ्या: एपी म्हणजे बारावी नव्हे. त्या एकेका विषयाच्या परीक्षा आहेत. बाहेरून बसता येतं, पण अधिकृत केंद्र मोठ्या शहरातच गाठावं लागतं, दर विषयाला शंभर डॉलरच्या वर फी आहे, नोंदणी आदल्या वर्षीच्या हिवाळ्याआधी करावी लागते. 2025 पासून बहुतेक परीक्षा लॅपटॉपवर ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये होतात. परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा असेल तर या सगळ्याला अर्थ आहे. इथल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात तो गुणांक कुणी बघत नाही.

केंब्रिजचं ए लेव्हल मला सगळ्यांत आटोपशीर वाटलं. तीन किंवा चार विषय घ्यायचे आणि त्यांतच खोल जायचं. भाषा सक्तीची नाही, इतिहास सक्तीचा नाही. गणितवेड्या मुलाला मॅथेमॅटिक्स आणि फर्दर मॅथेमॅटिक्स असे दोन स्वतंत्र विषय घेता येतात. पण मला थांबवलं ते फिजिक्सच्या पेपरांनी. एकूण पाच पेपर, त्यातला तिसरा खराखुरा प्रयोगाचा: दोन तास, समोर साहित्य, मापं घ्या, अनिश्चितता लिहा, या पद्धतीत कुठे चूक शिरते आणि ती कशी कमी कराल ते सांगा. पाचवा पेपर तर कागदावरच प्रयोग रचायचा. दोन राशींमधला संबंध दिलेला असतो. काय बदलायचं, काय स्थिर ठेवायचं, काय मोजायचं, कुठला आलेख काढला म्हणजे सरळ रेषा येईल आणि तिच्या चढावरून कुठला स्थिरांक निघेल, हे सगळं आपण लिहायचं.

तसाच एक प्रश्न मी घरी घातला. स्प्रिंगला वजन टांगून आंदोलनकाल मोजायचा. थोरलीने काल आणि वस्तुमान यांचाच आलेख काढला, रेषा वाकडी आली. मग कालाचा वर्ग घेतला, रेषा सरळ झाली, पण मूळबिंदूतून जाईना. दोन दिवस ती त्याच्या मागे होती, आणि मग स्वतःहून म्हणाली, "स्प्रिंगचं स्वतःचं वजन पण हलतंय ना!" आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्प्रिंग ठेवून वजन केलं. आपल्या बारावीत फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला तीस गुण आहेत, प्रयोगांची यादी चांगली आहे, बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत साहित्यही आहे. पण जर्नल आधी उतरवली जाते आणि निरीक्षणं त्यात बसवली जातात. मूळबिंदूतून न जाणारी रेषा मुलांच्या वाट्याला येतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. साहित्य कपाटात आहे, वेळापत्रकात तास आहे, तरी हे घडतं.

आयबीकडे मी जरा धास्तीनेच बघत होतो, कारण फी. पण अभ्यासक्रम वाचताना मी त्यात गुंतलो, हे मोकळेपणाने सांगतो. सहा विषय, त्यातले साधारण तीन हायर लेव्हलचे, 240 तासांचे, बाकीचे स्टँडर्ड लेव्हलचे, 150 तासांचे. प्रत्येक विषयाला 7 पैकी गुण. त्याशिवाय चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतःच्या संशोधनाचा निबंध, थिअरी ऑफ नॉलेज आणि शाळेबाहेरची कला-खेळ-सेवा. निबंध आणि थिअरी ऑफ नॉलेज मिळून जास्तीत जास्त 3 गुण, म्हणजे एकूण 45. गणितातही एक स्वतःचा शोधनिबंध लिहावा लागतो, त्याला 20 टक्के वजन. भाच्याने आपला विषय दाखवला: पुण्यातल्या एका चौकातल्या सिग्नलची वेळ आणि वाहनांची रांग. त्याने स्वतः उभं राहून गाड्या मोजल्या होत्या.

थिअरी ऑफ नॉलेजमध्ये मुलाने विचार करायचा तो असा: आपल्याला जे माहीत आहे ते माहीत आहे असं आपण कशावरून म्हणतो, गणितातला पुरावा आणि इतिहासातला पुरावा यांत फरक काय. हे वाचताना मला आपल्या गावचं तत्त्वज्ञान मंदिर आठवलं. प्रताप शेठजींनी 1916 साली अमळनेरात ते उभं केलं आणि याच प्रश्नांसाठी देशभरातले अभ्यासक इथे येऊन राहत. साने गुरुजी आधी तिथेच आले, मग प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. त्या गावातल्या सोळा वर्षांच्या पोराला हा प्रश्न कुणी विचारू नये, तो विचारायला जिनिव्हाहून अभ्यासक्रम यावा लागावा, हे मला टोचलं.

पुण्यातल्या एका शाळेत आम्ही जाऊन आलो. तिथल्या समन्वयक बाईंनी आम्हाला पुरेसा वेळ दिला आणि सरळ बोलल्या. "गणितात तिला अडचण येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण आठवड्याला जेवढं इंग्रजीतून लिहावं लागतं, त्याची सवय व्हायला सेमी इंग्लिशच्या मुलीला पहिलं अर्धं वर्ष जाईल, आणि वर्षं दोनच आहेत." फीचा कागद बघून बायकोने माझ्याकडे पाहिलं. वर्षाला काही लाख, हॉस्टेल निराळं. कर्ज काढलं असतं तर झालं असतं, पण धाकटाही आहे. घरी आल्यावर माझ्या आईचं एकच, "पोरले इतली दूर कसाले धाडस रे? आठे शाया नही शे का?" (पोरीला इतकं लांब कशाला पाठवतोस रे? इथे शाळा नाहीत का?)

आणखी एक व्यवहाराची बाब, जी शाळेत आपण विचारल्याशिवाय कुणी सांगितली नाही. भारतीय विद्यापीठ संघाने आयबी डिप्लोमाला 1983 पासून मान्यता दिलेली आहे, ए लेव्हललाही समकक्षता मिळते, त्याची काळजी नको. प्रश्न तारखांचा आहे. आयबीच्या मे परीक्षेचा निकाल जुलैच्या सुरुवातीला लागतो, तोवर आपल्याकडचे बरेच प्रवेश पुढे सरकलेले असतात. केंब्रिजने भारतासाठी मार्चची परीक्षा ठेवली आहे, तिचा निकाल मेमध्ये येतो, म्हणून इथेच पुढे शिकायचं असेल तर ती वाट सोयीची. इंजिनिअरिंग डोक्यात असेल तर कुठल्याही बोर्डात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हे विषय पहिल्याच दिवशी पक्के करावे लागतात. आणि डॉक्टर व्हायचं असेल तर कोट्याला पाठवण्याआधी थांबा: वैद्यकीयच्या राज्याच्या वाट्याच्या जागांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते.

राहिलं आपलं नेहमीचं, टाय-अप. कॉलेजात नाव, दिवसभर क्लासमध्ये. जेईई मेनला तीन तासांत 75 प्रश्न, सीईटीला नव्वद मिनिटांत गणिताचे 50. ज्याला आयआयटीलाच जायचंय त्याच्यासाठी ही तयारी हवीच, आणि जेईई ॲडव्हान्सचे (आयआयटीसाठीच्या दुसऱ्या टप्प्याचे) प्रश्न खरोखर सुंदर असतात, ते मी स्वतः आवडीने सोडवतो. पण पोरीला मी विचारलं, तुला जेईईच्या वेगाने सोडवायला आवडेल का. ती म्हणाली, "सोडवीन, पण मग स्प्रिंगवर दोन दिवस घालवता येणार नाहीत." त्या वाक्यावर आमचं ठरलं.

ठरलं ते असं: स्टेट बोर्ड, गावातलंच कॉलेज, टाय-अप नाही. त्या वर्षी अकरावीची ऑनलाइन केंद्रीय प्रवेश प्रक्रिया पहिल्यांदाच राज्यभर होती, त्यामुळे याद्या आणि फेऱ्यांची वाट बघणं अमळनेरच्या वाट्यालाही आलं, पण पसंतीचं कॉलेज मिळालं. बाकीचं आम्ही इकडून तिकडून घेतलं. गणितासाठी ऑलिम्पियाडचे जुने पेपर. कॅल्क्युलससाठी एपीचे दीर्घोत्तरी प्रश्न, त्यांच्याच तक्त्यावरून ती स्वतःचे गुण स्वतः देते आणि माझ्यापेक्षा कडक देते. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलच्या सरांना मी भेटलो, केंब्रिजचा पाचवा पेपर दाखवला. त्यांनी तो ठेवून घेतला, आणि आता महिन्यातून एकदा ते जर्नल बंद करायला लावून एक प्रयोग मुलांना स्वतः रचायला देतात. अमेरिकेत हायस्कूलची मुलं शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन खरे कॉलेजचे विषय घेतात, त्याच्या जवळचं आपल्याकडे आयआयटी मद्रासचं डेटा सायन्सचं ऑनलाइन बीएस आहे. अकरावीची परीक्षा दिलेल्या मुलांना त्याच्या पात्रता फेरीला बसता येतं. तेही बघून ठेवलंय.

या वाटेत एक मोठी उणीव आहे, आणि ती पैशाने भरून निघत नाही. आयबीच्या शाळेत भाच्याच्या वर्गात त्याच्यासारखी मुलं आहेत. कुणी चूक दाखवतं, कुणी वाद घालतं. अमळनेरात थोरली एकटी होती. मी घरी शिक्षक असून एकटी होती. ज्यांच्या घरी कुणी गणितवालं नाही त्या मुलांचं काय होत असेल. म्हणून मुख्याध्यापकांना विचारून रविवारी सकाळी शाळेतली एक खोली उघडायला लागलो. पहिले दोन-तीन रविवार आम्ही दोघंच. मग चोपड्याहून एक मुलगा यायला लागला, पारोळ्याच्या दोघी बहिणी आल्या, आता फळा कमी पडतो. मी फक्त प्रश्न लिहितो. उत्तर कुणाचं बरोबर हे त्यांचं त्यांनी ठरवायचं, आणि पटवून दिल्याशिवाय पुढचा प्रश्न नाही. परवा त्यांनी एका असमानतेवर इतका वाद घातला की शिपाईकाका दोनदा येऊन बघून गेले.

अकरावीत थोरली आयओक्यूएममधून आरएमओपर्यंत, म्हणजे गणित ऑलिम्पियाडच्या पुढच्या, प्रादेशिक फेरीपर्यंत गेली. तिथे सहाच प्रश्न आणि तीन तास, सगळं लिहून सिद्ध करायचं. पुढची फेरी हुकली. भाचा तिला आपल्या गणिताच्या शोधनिबंधाची पानं पाठवतो, ती त्यातल्या त्रुटी काढते, आणि ती पाठवते ते ऑलिम्पियाडचे प्रश्न तो त्याच्या शिक्षकांना दाखवतो. एपीची फी भरून परीक्षा द्यायची का, यावर घरात बरीच चर्चा झाली. परदेशी अर्ज करायचा नाही हे पक्कं झाल्यावर तो विषय सोडला. पेपर सोडवायचे, परीक्षा नाही. आता तिचं लक्ष आहे ते आयएसआय (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षांवर. दोन्ही मे महिन्यात असतात आणि दोन्हींत सिद्धता लिहून दाखवावी लागते. सीईटीचा फॉर्मही भरणार आहोत, आणि नव्वद मिनिटांत पन्नास प्रश्नांचा सराव बारावीच्या जानेवारीपासून सुरू करायचा, असं तिचं तिनेच वेळापत्रकात लिहिलंय.